बिन, कोम आणि मधली जागा

मराठी नावातील तीन जागांपैकी निवडीला मोकळी असते ती पहिलीच. बारशाला ठेवले जाते ते पहिले नाव. आडनाव घराण्याकडून येते, आणि मुलीच्या बाबतीत या दोहोंच्या मधोमध लग्नापर्यंत वडिलांचे व लग्नानंतर नवऱ्याचे नाव इतक्या सहजपणे बसते की मधले नाव कोणते ठेवावे असा प्रश्न एका पिढीपूर्वी बारामती-इंदापूरकडच्या घरांत कोणी विचारला असता, तर विचारणाऱ्याचेच नवल वाटले असते. हा प्रश्न आज विचारला जातो तो मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या १४ मार्च २०२४ च्या निर्णयामुळे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे अथवा मुलीचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावे, असे त्या निर्णयाने ठरवून दिले. अनाथ आणि तत्सम अपवादात्मक बालकांना त्यातून सूट आहे. मधली जागा अशा रीतीने एकाची दोन झाली, आणि ती वाढताच तिच्यावर हक्क कोणाचा व परंपरा कोणाच्या बाजूची, हा वाद सुरू झाला.

प्रस्तुत लेखात हा वाद जळोची येथील एका घरातील दोन पात्रांच्या तोंडी घातला आहे. ही पात्रे विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिलेली असली, तरी त्यांचे मुद्दे कल्पित नाहीत. एक आहेत बाळाचे चुलत आजोबा, ज्यांना घरात आबा म्हणतात आणि जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. दुसरी बाळाची आत्या, म्हणजे आबांची पुतणी, जी बारामतीच्या न्यायालयात वकिली करते आणि जिला रूढीनेच बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आहे. जळोचीची निवडही सहेतुक आहे. हे गाव बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले, शेताचे प्लॉट पडत गेले, आणि जिथे गुंठ्याला भाव येतो तिथे सातबाऱ्यावर कोणाचे नाव कोणत्या शब्दांत लिहिले आहे, याला भावनेपलीकडचे महत्त्व येते.

आबांचा पहिला मुद्दा जुन्या दप्तरातून निघतो. मराठी कागदपत्रांत पूर्वी माणसाचे नाव 'अमुक बिन तमुक' असे लिहीत; 'बिन' हा अरबी शब्द 'चा मुलगा' या अर्थाने दख्खनच्या कारभारात रुळला होता. विवाहित स्त्रीच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' लिहून नवऱ्याचे नाव येई आणि त्याचा अर्थ 'ची बायको' असा होई. पुढे छापील नमुने आले, रकाने आखले गेले, 'बिन' आणि 'कोम' गळून पडले, पण त्यांच्यामागची नावे जागच्या जागी राहिली. मधले नाव म्हणजे या गळालेल्या शब्दाची उरलेली खूण होय, ते दागिन्यासारखे आवडीने घालायचे नसते, असे आबांचे म्हणणे आहे. "पोरीचं नाव काय ठेवायचं ते तुम्ही हौसेनं ठेवा," ते म्हणतात, "पण मधलं नाव हा तिचा पत्ता आहे. पत्ता कुणी आवडीनं निवडतं का?"

आत्या हा पुरावा मान्य करते आणि तोच उलटवते. "आबा, पुरुषाचा 'बिन' मरेपर्यंत 'बिन'च राहतो. बाईचा 'बिन' अक्षता पडल्या की 'कोम' होतो. मग तो पत्ता कसला, तो तर बदलीचा हुकूम!"

या उत्तरातील थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच, आणि या संपूर्ण वादातला तोच खरा मुद्दा आहे. मुलाचे मधले नाव एकदाच ठरते, मुलीचे मधले नाव बदलणारच असे धरून ठरते. आबा त्यावर सांगतात की, बदली झाली तरी सर्व्हिस बुकातली जुनी नोंद कोणी खोडत नाही. बाप गेल्यावर गाव नमुना सहा-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, मुलगी मुलगी म्हणूनच चढते. आत्याला हे ठाऊक आहे, कारण तिच्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशव्यांत हेच कागद असतात: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव, आधार कार्डावर नवऱ्याचे, रेशन कार्डावर भलतेच, आणि या तिन्ही स्त्रिया एकच आहेत हे पटवून देणारे प्रतिज्ञापत्र, तेही न चालल्यास राजपत्रातली नावबदलाची जाहिरात. कायद्याने महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये तो देशभर दिला, आणि तो देताना वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. १९९४ ची सुधारणा आली ती राज्याच्या पहिल्या महिला धोरणाबरोबर, आणि त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार याच तालुक्यातल्या काटेवाडीचे. तरीही हक्क मिळालेल्या लेकींपैकी कितीतरी जणी हक्कसोडपत्रावर सही करून, साडी-चोळी घेऊन परत जातात, हे आबांनी दप्तरात बसून पाहिलेले आहे आणि ते नाकारत नाहीत. नाव न जुळणे हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी न जुळणारे नाव सही करवून घेणाऱ्याच्या कामी येते.

यानंतर चर्चा परंपरेच्या वयाकडे वळते. आत्याचा दावा असा की, आईच्या नावाने ओळख सांगणे ही शासनाने काढलेली टूम नव्हे, महाराष्ट्रातल्या प्राचीन राजनावांतही तशी नावे आहेत. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असे म्हणवत. अशा नावाला मातृनाम म्हणतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेला जो मोठा लेख आहे, तो गौतमी बलश्री या राजमातेचा. त्यात ती आपल्या दिवंगत मुलाचे पराक्रम सांगते आणि स्वतःची ओळख महाराजाची आई व महाराजाची आजी अशी करून देते. उपनिषदांतला सत्यकाम जाबाल हा तर आईच्या नावावरच गुरूकडे गेला, कारण वडिलांचे गोत्र त्याच्या आईला सांगता येत नव्हते. महाभारतातले कौंतेय आणि राधेय कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत.

आबांचे उत्तर येथे सर्वांत धारदार आहे, आणि एखाद्या अभ्यासकानेही ते मनावर घ्यावे असे आहे. गौतमी हे बलश्रीचे नाव नाही, ते तिचे गोत्रनाव आहे; म्हणजे ती ज्या कुळातून आली त्या कुळाच्या, अर्थात तिच्या वडिलांच्या बाजूची ती खूण आहे. तिचे स्वतःचे नाव बलश्री, आणि मुलगा स्वतःला बलश्रीपुत्र म्हणवत नाही. राज्यही बापाकडून मुलाकडे गेले, आईकडून लेकीकडे गेले नाही. राजांना अनेक राण्या असताना कोणत्या राणीचा मुलगा हे सांगण्यापुरता मातृनामाचा उपयोग होता, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे धरले, तर तीही नोंद ठेवण्याचीच सोय झाली. शिवाय, आबा पुढे सांगतात, ज्या शिवरायांना लोक जिजाऊंचा शिवबा म्हणतात, त्यांच्या राजमुद्रेत ओळख आहे ती शहाजीपुत्र अशीच.

"म्हणजे आबा, तुमच्या हिशेबानं आईचं स्वतःचं नाव अजून कुठंच आलेलं नाही."

"कुठंच नाही."

"मग आता येतंय, एवढंच."

या तीन वाक्यांनंतर आत्या परंपरेचा आधार मागणे सोडते, आणि तिची बाजू त्यामुळे दुबळी होण्याऐवजी नेमकी होते. आईच्या नावाला प्राचीन वंशावळ जोडून देण्याचा जो उत्साह २०२४ नंतरच्या भाषणांतून दिसला, त्याची गरज नव्हती, असे या लेखाचेही मत आहे; नवी गोष्ट नवी म्हणून योग्य ठरू शकते.

परंपरेतून काही निवडायचेच असेल, तर त्याची जागा आबांना ठाऊक आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत, उदाहरणार्थ कमलाकरभट्टांच्या १६१२ सालच्या 'निर्णयसिंधू'त, एका बाळाला चार नावे सांगितली आहेत: कुलदेवतेशी जोडलेले देवतानाम, जन्ममहिन्यावरून येणारे मासनाम, जन्मनक्षत्राच्या चरणाक्षरावरून येणारे नाक्षत्रनाम आणि रोज हाक मारण्याचे व्यावहारिक नाम. यांपैकी नाक्षत्रनाम आज 'नावरस नाव' म्हणून पत्रिकेत टिकून आहे, व्यावहारिक नाव दाखल्यावर येते आणि उरलेली दोन बहुतेक घरांतून गेली. मुलीच्या नावाबद्दलही जुने ग्रंथ बोलतात. पारस्कर गृह्यसूत्रात तिच्या नावाची अक्षरे विषम असावीत आणि शेवट आकारान्त असावा असे म्हटले आहे, तर मनुस्मृतीत ते उच्चाराला सोपे, अर्थाला स्पष्ट आणि कानाला गोड असावे अशी अपेक्षा आहे. आबांची सूचना अशी की, विसरलेले देवतानाम परत आणावे. बारामती तालुक्यातच मोरगावचा मयूरेश्वर आहे, शिर्सुफळची शिरसाई आहे, कऱ्हेच्या काठाने वर गेले की जेजुरीचा खंडोबा आणि त्याच्या म्हाळसा व बाणाई आहेत. त्यांतले एखादे नाव बाळाला पाळण्यातले नाव म्हणून द्यावे, कागदावर वडिलांचे नाव राहू द्यावे, आणि कोणाचेही मन दुखवू नये. या भूमीत नावे नवसातूनही आली आहेत. इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. देव कोणाचा आहे हे न पाहता पहिले नाव घेणारी माणसे मधल्या नावाला हात लावत नव्हती, हे आबांना त्यातून दाखवायचे आहे.

आत्याला म्हाळसा हे नाव आवडते. तिची हरकत फक्त एवढीच की, पाळण्यातले नाव पाळण्यातच राहते. त्यातही स्त्रीच्या बाबतीत कागदावर न आलेले नाव म्हणजे घराच्या उंबऱ्याआतले नाव, आणि अशी नावे मराठी बायकांकडे पूर्वीपासून पुष्कळ आहेत. जिजी, आक्का, माई, वहिनी म्हणून जगलेल्या बायकांचे खरे नाव विचारले, तर नातवंडांना आठवावे लागते.

परदेशातील मराठी कुटुंबांपुढे हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. तिकडच्या इस्पितळाच्या कागदावर मधल्या नावाचा रिकामा चौकोन असतो आणि तो शोभेच्या नावाने भरण्याची तिकडे रीत आहे, तर भारतीय पारपत्रावर आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असल्याने वडिलांचे नाव मुलीच्या पहिल्या नावाला चिकटून येते. तिथली काही कुटुंबे त्या चौकोनात आजीचे नाव घालतात. जळोचीत आजीचे नाव नातीला देणे कोणाला अवघड वाटणार नाही, पण ते पहिल्या जागी. मध्ये आजी लिहिली तर शाळेतल्या बाई ते आईचेच नाव समजतील.

नावाचे ओझे कसे असते, याचे उदाहरण शेजारच्या जिल्ह्यात आहे. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशा' किंवा 'नकोशी' म्हणत आणि शाळेच्या पटावरही तेच लिहीत. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये प्रशासनाने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. आबा हे उदाहरण स्वतःहून देतात. त्यांच्या मते वाईट रूढ नाव बदलायला शासनाने पुढाकार घेतला हे योग्यच झाले, परंतु वडिलांचे नाव हे तसे ओझे नाही. उलट वडिलांचे नाव नसलेल्या मुलीला गावात काय ऐकावे लागते, ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. आईचे नाव पुढे आले की बापाविषयी कुजबुज सुरू होते, आणि या कुजबुजीचा विचार न करणे ही शहरी चैन आहे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि आत्या तो हसण्यावारी नेतही नाही. गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढवलेल्या खटल्याची ती आठवण देते. आपल्या अज्ञान मुलाच्या नावाने रोखे घेताना पालक म्हणून आईची सही बँकेने नाकारली, तिथून तो वाद सुरू झाला. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अज्ञान बालकाचा नैसर्गिक पालक म्हणून 'पिता आणि त्याच्यानंतर माता' अशी शब्दयोजना आहे. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असाच होत नाही, त्याच्या अनुपस्थितीत असाही होतो, असे सांगितले. कुजबूज होते कारण आईचे नाव अपवाद म्हणून येते, असे आत्या म्हणते. सगळ्यांच्याच नावात आई आली, की एकीच्या नावाकडे बोट दाखवायला कारण उरत नाही; आणि नव्या क्रमात वडिलांचे नाव गेलेले नाही, एक घर मागे सरकले आहे.

एक घर मागे सरकणे ही गोष्ट सोपी नाही, हे तिच्या भावाच्या, म्हणजे बाळाच्या वडिलांच्या, चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते. मात्र या लेखात त्याला बोलायला दिलेले नाही.

शासन निर्णयाचे सर्वांत ठळक दर्शन झाले ते पुढाऱ्यांच्या पाट्यांवर आणि शपथविधीत. ५ डिसेंबर २०२४ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताना देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस असे नाव उच्चारले गेले, आणि बारामतीचे त्या वेळचे आमदार व उपमुख्यमंत्री यांचे नाव अजित आशाताई अनंतराव पवार असे झाले. बारामतीकरांना ते ऐकून कौतुक वाटले, यात शंका नाही. परंतु आबांच्या जुन्या कारकुनी नजरेला एक गोष्ट दिसते आणि ती ते पुतणीपुढे ठेवतात: हे सगळे पुरुष आहेत, आणि यांच्या नावातली आई कुठेही जाणार नाही. मुलीचे काय? निर्णयातच लिहिले आहे की विवाहित स्त्रीचे नाव, नंतर तिच्या पतीचे नाव आणि आडनाव ही चालू पद्धत तशीच ठेवावी. विवाहापूर्वीच्या नावाने मालमत्तेच्या दस्तऐवजात नोंद करण्याची मुभा मात्र तिला आहे. म्हणजे जी आई आज मुलीच्या नावात मोठ्या समारंभाने आणायची, ती पंचवीस वर्षांनी एका अर्जासरशी बापाबरोबर बाहेर जाणार. "मुलाच्या नावात आई राहायला येते," आबा म्हणतात, "आणि मुलीच्या नावात पाहुणी म्हणून."

आत्याकडे याला कायदेशीर उत्तर आहे: लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, पद्धत ही पद्धत आहे, आणि निर्णयातली ती मुभा पुढे वापरणे मुलीच्या हाती राहील. ते उत्तर ती देते. पण ते देताना तिला स्वतःच्या वहिनीच्या लग्नातले ताट आठवणे अपरिहार्य आहे. काही मराठी घरांत लग्नाच्या दिवशी तांदूळ पसरलेल्या ताटात नवरा सोन्याच्या अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितो. मधले नाव आणि आडनाव बदलणारच असते, इथे पहिलेही बदलते, आणि ते पाहुण्यांना पेढे वाटून जाहीर केले जाते. या घरातली सून माहेरी अश्विनी होती. तांदळात तिचे नाव वैष्णवी लिहिले गेले. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि बँकेचे जुने खाते अश्विनीच्या नावाने आहे. रेशन कार्ड आणि आधार वैष्णवीच्या. बाळाच्या नावात जी 'आई' लिहायची, ती यांपैकी कोणती, हा प्रश्न शासन निर्णयाने विचारलेला नाही, कारण तो लिहिणाऱ्यांनी आईला एकच नाव असते असे गृहीत धरले असावे.

आबांच्या मते प्रश्न सरळ आहे: चालू नाव लिहावे, कागद जुळतील. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून चालतो. त्यावरचे नाव एकदा चुकले की मुलगी जन्मभर दुरुस्त्या करत फिरेल. आत्याला वैष्णवी लिहिणे मान्य नाही, कारण मग आईच्या जागी पुन्हा वडिलांनीच लिहिलेले नाव येते, अंगठीने काय किंवा पेनाने काय. इथे प्रथमच आबा काही वेळ बोलत नाहीत. बलश्री आणि गौतमी यांतला भेद त्यांनीच काढून दाखवला होता, आणि आता तोच त्यांच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

वेळ मात्र आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. बारशाच्या दिवशी कुंची घातलेले बाळ पाळण्यात निजते, आत्याच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाटे बसतात, तिने कानात काय सांगितले ते घुगऱ्या घ्यायला आलेल्या बायकांना एकच शब्द म्हणून कळते, आणि नगरपरिषदेकडे द्यायच्या कागदावर नावाचा रकाना कोरा राहतो. संध्याकाळी आबा सुनेला हाक मारून तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगतात. ती कोणत्या नावाचा, असे विचारते.